विदर्भाच्या उन्हात बोआ सांभाळायचा तर

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली थर्मामीटर 46 दाखवतो. दुकान मोटार रिवायंडिंगचं, आर्वीजवळच्या एका खेड्यात. दुकानामागे जाड मातीच्या भिंतींची, कवेलूच्या छपराची खोली आहे. तिथे शेवंती राहते. शेवंती म्हणजे साडेसहा फुटांची, सहा किलोची बोआ, भक्ष्याला आवळून मारणारा बिनविषारी परदेशी साप. पुण्याच्या भाच्याने पाळलेली. तो नोकरीसाठी बाहेरदेशी गेला आणि 2021 च्या फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली. तेव्हापासून तिच्याबद्दल मी जे शिकलो, ते आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

बोआ पाळण्याबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी सांगितलेलं असतं. ऊब कशी द्यायची, ती कशी टिकवायची, सगळा भर त्यावर. आपलं दुखणं उलटं आहे. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंशांची नोंद झाली. बोआला लागतात पिंजऱ्याच्या उबदार टोकाला 30 ते 32 अंश आणि गार टोकाला 25 ते 27. पस्तिशीच्या वर बराच वेळ राहिला तर तो मरू शकतो. म्हणजे एप्रिल ते जून आपली लढाई उन्हाशी आहे, आणि ती जिंकण्याची तयारी नसेल तर बोआ घरी आणू नका. हे मी अगदी मनापासून सांगतो.

आधी कागद. आपल्या रानातला साप, मग तो अजगर असो, धामण असो, मांडूळ असो की साधी दिवड, घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बोआ मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा, परदेशी, म्हणून त्याचा मार्ग वेगळा. 2020 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने असे परदेशी प्राणी असणाऱ्यांना स्वतःहून माहिती देण्याची संधी दिली होती. भाच्याने तेव्हाच ती दिली, म्हणून पुढचं सोपं गेलं. नंतर 2022 ची कायदादुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, त्यात बोआही आला. 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी त्याच मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. कोणी म्हणालं, ‘कागद नंतर पाठवतो, साप आधी घेऊन जा,’ तर तिथूनच परत फिरा.

मांडुळाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट बोलून घेतो. मांडूळ हा बोआचा आपल्या मातीतला नातेवाईक. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तो गुप्तधन दाखवतो, त्याचे लाखो-कोटी मिळतात, या खोट्या बोलण्यापायी तो बिचारा पोत्यात कोंबला जातो आणि गरिबांची पोरं तुरुंगात जातात. माझ्याकडे साप आहे हे कळल्यावर दोन जण मोटारसायकलवर दुकानात आले होते. ‘भाऊ, अडीच किलोचं मांडूळ भेटन का?’ मी त्यांना पाणी दिलं, समजावलं आणि ते गेल्यावर 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवलं. तुमच्याकडे बोआ आला की असे लोक येतीलच. कायद्याने ठेवलेला साप घरात असणाऱ्याने मांडुळाच्या बाबतीत जास्तच जागं राहायला हवं.

खोली, पिंजरा आणि लाइन

सिमेंटच्या स्लॅबखाली बोआ ठेवू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याचं तर नावच नको. मातीची भिंत, कवेलू, वर माळा असेल तर सर्वांत चांगलं. माझ्या खोलीत माळ्यावर तुऱ्हाट्या रचलेल्या आहेत, त्यांच्यामुळे छताचा ताप खाली उतरत नाही. खिडकी उत्तरेला. पिंजरा जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेला, कारण खालची हवा गार असते, पण फरशीला थेट टेकवला की पावसाळ्यात तळाचं प्लाय फुगतं.

पिंजरा साडेपाच फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. 18 मिलिमीटरचं प्लाय, समोर सरकती काच, दोन्ही बाजूंना वर-खाली जाळी. काचेला कुलूप हवंच. बोआ ढकलून पाहतो, रोज पाहतो, आणि एके दिवशी काच सरकते. लपायला दोन खोकी, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवलं तर लपण्यासाठी त्याला नको त्या तापमानात बसावं लागतं. खाली नर्सरीत मिळणारं कोकोपीट किंवा नुसते वर्तमानपत्राचे कागद. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार फुकट मिळतं म्हणून ते अंथरू नका. त्यात धूळ असते, ओल लागली की बुरशी चढते आणि त्यातले बारीक किडे पिंजऱ्यात येतात.

हिवाळ्यात मात्र ऊब लागतेच. नागपूरचा पारा डिसेंबर 2018 मध्ये साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, आणि आमच्याकडे वावराच्या कडेला रात्री सात-आठ अंश दर वर्षी असतात. मी पिंजऱ्याच्या एका तृतीयांश तळाखाली हीट पॅड लावलं आहे आणि वर जाळीच्या आडोशाला सिरॅमिक हीटर. इथे माझा धंदा कामी आला, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. ठरलेल्या तापमानाला हीटरची वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटतात. म्हणजे तो बंद पडत नाही, चालूच राहतो. मोटारीच्या स्टार्टरमध्ये मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. तिथे मोटार जळते, इथे साप भाजतो. म्हणून एकामागे एक दोन थर्मोस्टॅट जोडा. पहिला 31 वर लावा, दुसरा 34 वर. पहिला चिकटला तर दुसरा लाइन तोडतो. दुसऱ्याचा खर्च हजाराच्या आसपास, पण झोप शांत लागते. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक, साप बसतो त्या पातळीला, तारेने बांधून ठेवा. पाण्याच्या भांड्याजवळ नको, नाहीतर तो गारवा मोजतो आणि हीटर तापतच जातो. विजेवर तापणारे दगड मिळतात, ते घेऊ नका. साप पोट भाजेपर्यंत त्यावरून उठत नाही.

आता उन्हाळा. एप्रिल लागला की मी हीट पॅडचा प्लग काढून ठेवतो. खोलीच्या खिडकीला कूलर, वाळ्याच्या ताट्या दर वर्षी नव्या. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि बाहेर 45 असताना खोली 31-32 वर येते. शिवाय बोआला 60-70 टक्के ओलावा लागतो, तो कूलरमुळे आपोआप मिळतो. पण कूलरचा झोत पिंजऱ्यावर सरळ येऊ देऊ नका. भिंतीवर आपटून खोलीत पसरू द्या, नाहीतर छातीचा आजार होतो. खरी अडचण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते. ढग येतात, हवा ओली होते, पाणी उडत नाही, कूलर नुसता वारा देतो, आणि तापमान मात्र चाळिशीतच. त्या दिवसांत मी दुपारी खोली बंद करून पडदा लावतो, पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना ओलं तरटाचं पोतं टांगतो, जाळी उघडी ठेवतो आणि टेबलफॅन पोत्याच्या बाहेरून चालवतो.

2021 च्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, वादळाने खांब पडले आणि पाच तास लाइन गेली. मी तालुक्याला गेलो होतो. परत आलो तर शेवंती पाण्याच्या भांड्यात मावेल तेवढी शिरलेली, तोंड उघडं, श्वास जोरात. खोली 39 वर. घाबरून बर्फाच्या पाण्यात घालण्याची चूक इथे होते. त्या झटक्याने साप जातो. मी टबात माठातलं आणि टाकीतलं पाणी मिसळून साधारण 27-28 अंशांचं केलं, तिचं डोकं वर राहील इतकंच भरलं आणि तिला त्यात ठेवून मातीच्या न्हाणीत नेलं. तासाभराने तोंड मिटलं. तेव्हापासून फ्रीझरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या कायम गोठवलेल्या असतात. लाइन गेली की फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या गार टोकाला दोन ठेवायच्या, त्या वितळल्या की दुसऱ्या दोन. आणि मे महिन्यात मी दुपारी गाव सोडत नाही. घरी किमान एक माणूस असं हवं, ज्याला बाटल्या बदलता येतात आणि थर्मामीटर वाचता येतो. आमच्याकडे ते काम माझी बायको करते, आणि ती माझ्यापेक्षा वक्तशीर आहे.

खाणं

शेवंती आली तेव्हा चार वर्षांची होती आणि लठ्ठ होती. वेटोळं घातलं की खवल्यांच्या मधली कातडी दिसायची, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या. भाचा तिला दर आठवड्याला एक मोठा उंदीर द्यायचा, प्रेमानेच. बोआ पाळणाऱ्याची सर्वांत मोठी चूक हीच, जास्त खाऊ घालणं. रानातला बोआ पडून वाट पाहतो, आज मिळालं तर मिळालं. त्याचं शरीर त्या उपासावर बेतलेलं आहे. दर आठवड्याला खाल्लं तर चरबी काळजावर, यकृतावर चढते आणि तीस वर्षं जगू शकणारा साप दहाव्या वर्षी जातो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षं जगून 1977 मध्ये मेला. म्हणजे आयुष्य किती मोठं असू शकतं ते पाहा.

माझी आई पहिल्या वर्षी रोज विचारायची, ‘काऊन रे, त्या जिवाले उपाशी ठेवतं का? महिना झाला, काई खाल्लं नाई त्यानं.’ मी सांगायचो, ‘माय, ते गाय थोडीच हाये दोन टाइम चारा खाणारी.’ तिला पटायला वर्ष लागलं. पण तिच्या डोळ्यांदेखत शेवंतीच्या वळ्या गेल्या, अंग गोलसर पण घट्ट झालं, रात्री ती फांदीवर चढायला लागली. तेव्हा आई स्वतःच म्हणाली, ‘आता बरी दिसते.’

मापं अशी धरा. जन्मलेलं पिल्लू दीड फुटाच्या आसपास असतं. त्याला दहा ते चौदा दिवसांनी एक लहानसं पांढऱ्या उंदराचं पिल्लू. दोन-तीन वर्षांपर्यंत दोन ते तीन आठवड्यांनी, सापाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नाही. मोठ्याला चार ते सहा आठवड्यांनी, वजनाच्या पाच टक्के. शेवंतीला सहा किलोला तीनशे ग्रॅमचा एक उंदीर, पाच आठवड्यांनी. वर्षाला नऊ. तराजू नसेल तर सापाचं अंग जिथे सर्वांत जाड आहे, त्यापेक्षा भक्ष्य रुंद नसावं.

वावरातला, घरातला, ढोल्यातला उंदीर कधीही देऊ नका. आपल्या भागात झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन घरोघरी पडलेलं असतं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरेलच असं नाही, तो हिंडत राहतो आणि सापालाही घेऊन जातो. जंत आणि रोग आहेत ते वेगळेच. मी पांढरे उंदीर वेगळ्या खोलीत वाढवतो. ज्वारी, हरभरा, थोडी फल्ली, भाजीची देठं. मादी बावीसेक दिवसांत विते, आठ-दहा पिल्लं होतात. पण एप्रिलनंतर उंदीरही उन्हाने मरतात, म्हणून मार्चअखेरपर्यंत लागतील तेवढे गोठवून ठेवतो आणि जोड्या वेगळ्या करतो. तडफड न होता मारण्याची पद्धत पशुवैद्याकडून समोर शिकून घ्या. गोठवायला फ्रीझर वेगळा, खाण्याच्या वस्तूंजवळ नाही. लाइन जाऊन एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही, टाकून द्यायचं.

जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडू नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, सापाचा डोळा जातो, आणि त्या उंदराच्या जिवाचे हाल होतात ते पाहवत नाहीत. गावातली पोरं ‘काका, दाखवा ना’ म्हणत येतात. नाही दाखवत. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, संध्याकाळी पिशवीत घालून चाळीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो, फुटतो. पोटात हात दाबून गार गाठ लागत नाही ना ते पाहा. अंधार पडल्यावर दीड फुटी चिमट्याने शेपटीकडून धरून तोंडासमोर हलवा, मग हात काढून घ्या.

ती झडप घालून वेटोळं घालते, तेव्हा उंदीर मेलेला असला तरी आवळतेच. बोआ श्वास कोंडून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकलं. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की आवळल्यावर भक्ष्याचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोसळतं. त्याआधीच्या प्रयोगांत असंही दिसलं होतं की भक्ष्याच्या हृदयाचे ठोके सापाला जाणवतात आणि ते थांबले की तो पकड सोडतो. म्हणून मेलेला उंदीर देताना मी चिमट्याने एक-दोनदा हळूच हलवतो, तिला पकड घट्ट करता येते आणि ती नीट खाते.

खाल्ल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही. 2022 च्या जानेवारीत मी एका संध्याकाळी मोठा उंदीर दिला आणि त्या रात्री लाइन गेली. पहाटे पिंजरा 19 अंशांवर. थंडीत पचन थांबतं, उंदीर पोटात सडतो. तिसऱ्या दिवशी तिने तो ओकून टाकला. घाण इतकी की खोली दोन दिवस उघडी ठेवावी लागली. ओकल्यावर लगेच दुसरा दिला की परत ओकते आणि साप खंगत जातो. चौदा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या मापाचा उंदीर. आता डिसेंबर-जानेवारीत मी इन्व्हर्टरची बॅटरी पाहिल्याशिवाय खायला देत नाही. परत परत ओकणं, मान वळवून आभाळाकडे पाहत राहणं, तोल जाणं, ही लक्षणं मात्र वेगळी. बोआमध्ये विषाणूचा एक जीवघेणा आजार आहे आणि गोचिडीसारखे बारीक किडे तो पसरवतात असं मानतात. नवा साप आणला तर तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने.

कात, औषधं आणि माणसं

डोळे दुधाळ निळे झाले की कात येणार. त्या दिवसांत खायला नको, हात नको, आणि ओल्या कापडाचा एक डबा ठेवा. कात डोळ्यांवर राहिली तर नखाने किंवा चिमट्याने ओढू नका. पुढच्या कातीत निघते, नाही निघाली तर डॉक्टर. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पत्ता आणि जायला लागणारा वेळ आधीच पाहून ठेवा. साप दाखवायचा तर सुती पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, उन्हाळ्यात पहाटे निघून.

कपाशीवर फवारणी करून आलेल्या अंगाने पिंजऱ्याजवळ जाऊ नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली. सापाच्या फुफ्फुसाला तर त्याहून कमी पुरतं. मी आंघोळ करून, कपडे बदलूनच खोलीत जातो. डासांची अगरबत्ती, स्प्रे त्या खोलीत बंद. गोचीड लागले तर जनावरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने मारू नका.

हाताळताना आधी काठीच्या वाकड्या टोकाने अंगाला हलकेच स्पर्श करा. तिला कळतं, आता खाणं नाही. सहा फुटांच्या वरचा साप एकट्याने उचलू नका, आणि गळ्यात कधीच घालू नका, फोटोपुरताही. नंतर साबणाने हात धुवा. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांना त्या खोलीत मी येऊ देत नाही.

आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. हे टाळलं तर एक दिवस काठ्या निघतील. पहिल्या महिन्यातच मी आळीतल्या सगळ्यांना बोलावून काचेबाहेरून शेवंती दाखवली, बिनविषारी आहे हे सांगितलं आणि दुकानाचा नंबर प्रत्येकाच्या दारावर चिकटवला. एका रात्री कुलूप नीट बसलं नव्हतं आणि ती निघाली. मी खोलीच्या उंबऱ्यांवर आणि भिंतीच्या कडेने कणीक पसरली, दिवे बंद केले. सकाळी कणकेवरून माग गेला तो थेट दुकानात, रात्री उशिरापर्यंत टेस्टिंगला चाललेल्या एका मोटारीमागे. मोटार अजून कोमट होती. हरवलेला बोआ भिंत धरून चालतो आणि ऊब शोधतो. फ्रिजच्या मागे, इन्व्हर्टरखाली, चुलीजवळ आधी पाहा.

नवतप्याच्या आधीपासून पाऊस येईपर्यंत मी शेवंतीला खायला देत नाही. स्वच्छ पाणी रोज, बाकी काही नाही. त्या महिनाभरात तिचं वजन शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त कमी होत नाही. वहीत चार उन्हाळ्यांचे आकडे आहेत. मृगाचा पाऊस पडतो, रात्री खोली 28 वर येते, ती खोक्यातून बाहेर येऊन काचेला जीभ लावायला लागते. आणखी दोन रात्री तापमान असंच राहू देतो आणि मग पहिला उंदीर देतो, नेहमीचा तीनशे ग्रॅमचा नाही, दीडशेचा.